बारीक अक्षरांतला संसार

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात पितळी मुठीचे एक जुने भिंग आहे. वडील त्यातून पंचांग पाहत असत आणि त्यांच्या पश्चात ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बंद पडलेल्या दोन घड्याळांच्या शेजारी, निवृत्तीचे आयुष्य काढत होते. गेल्या श्रावणात मात्र त्याला एकाएकी नोकरी लागली आणि माझ्या पत्रिकेत कधीही न दिसलेला ग्रह घरात येऊन बसला.

निमित्त झाले सौ.च्या भिशीचे. एरवी तिथे साबुदाण्याचे वडे आणि सुनांचे गुणदोष यांपलीकडे विषय जात नाही. पण त्या दिवशी कुणीतरी एका व्याख्यात्या बाईंना बोलावले होते. सकाळच्या दंतमंजनापासून रात्रीच्या मलमापर्यंत माणूस अंगाला किती रसायने लावून घेतो, याचा पाढा त्यांनी तासभर म्हटला. सौ. घरी आली ती चपला न काढताच मोरीत गेली, शाम्पूची बाटली घेऊन बाहेर आली आणि ती माझ्या वर्तमानपत्रावर आपटून म्हणाली, "अहो, हे वाचा."

मी वाचू लागलो. मुंगीने शाईत पाय बुडवून चालत जावे, तशी ती अक्षरे होती. भिंग आणावे लागले. पहिला शब्द पाणी, तो निर्वेध पार पडला. नंतर सोडियम लॉरेथ सल्फेट, पुढे कोकामिडोप्रोपिल बीटेन, आणि मिथाइलपॅराबेनपाशी आलो तेव्हा जोडाक्षरांवर अडलेल्या पहिलीच्या पोरासारखी माझी अवस्था झाली होती.

आमची लेक शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एम. एस्सी. करते. तिने कानातल्या वायरी काढून, आपण अशिक्षितांच्या घरात जन्म घेतला आहे अशा चेहऱ्याने, खुलासा केला. यादीत जो घटक आधी, त्याचे वजन जास्त. सल्फेट फेसासाठी असते. पॅराबेन माल टिकावा म्हणून घालतात, आणि प्रयोगशाळेत त्यांचा स्त्रीसंप्रेरकासारखा क्षीण परिणाम दिसल्यामुळे त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. "पण पप्पा, सगळ्यात मोठी मेख इथं आहे," असे म्हणून तिने यादीतल्या सर्वांत निरुपद्रवी शब्दावर बोट ठेवले. तो शब्द होता 'परफ्यूम'. या एका शब्दाच्या पोटात अनेक द्रव्ये असू शकतात, वास टिकवण्यासाठी घातलेले थॅलेटही असू शकतात, आणि त्यांची नावे छापण्याचे बंधन सहसा नसते. मला ताबडतोब उमगले. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा जो रकाना असतो, तोच हा. जमीन वरून कितीही स्वच्छ दिसली तरी भानगड त्या रकान्यात असते.

त्या रात्री घराची झडती झाली. जंतुनाशक म्हणून मिरवणाऱ्या एका जुन्या साबणात ट्रायक्लोसान निघाले. साध्या साबणपाण्यापेक्षा ते अधिक गुणकारी असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली हात-अंग धुण्याच्या अशा साबणांतून ते आणि त्याच्या जातीची आणखी 18 द्रव्ये हद्दपार केली, असे लेकीने सांगताच तो साबण पिशवीत गेला. त्याच्यामागून डांबरगोळ्या गेल्या, डासांची कासवछाप पद्धतीने जळणारी वेटोळी गेली आणि कडा खरवडून निघालेला नॉनस्टिकचा तवाही गेला. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

मोहीम स्वयंपाकघरात शिरली तेव्हा मात्र तारतम्य सुटले. एका पाकिटावर 'आयएनएस 500' आणि 'आयएनएस 330' हे, अन्नात घालायच्या द्रव्यांना दिलेले आंतरराष्ट्रीय सांकेतिक आकडे पाहून सौ.ने ते फरारी गुन्हेगारांचे क्रमांक असावेत अशा आवेशाने वाचून दाखवले. एक निघाला खायचा सोडा, दुसरा लिंबातले आम्ल. 'आयएनएस 300' म्हणजे क जीवनसत्त्व. शेवटी 'आयएनएस 100' आला. तेव्हा सौ. म्हणाली, "शंभर नंबर! हा तर सगळ्यांचा म्होरक्या असणार." लेक शांतपणे म्हणाली, "आई, ती हळद आहे. कर्क्युमिन. तू आत्ताच आमटीत घातलीस." सौ.ने क्षणभर आमटीकडे पाहिले, आणि पाकीट तरीही पिशवीत टाकले. निर्णय फिरवणे हे तिच्या माहेरच्या रक्तात नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी नैसर्गिक झालो. शाम्पूच्या जागी रिठा आला. रिठ्यातही फेस आणणारे सॅपोनिन नावाचे द्रव्यच असते आणि ते डोळ्यात गेले तर ब्रह्मांड आठवते, हे कोणत्याही बारीक अक्षरांत छापलेले नव्हते, कारण रिठ्याला वेष्टनच नसते. आमच्या पतसंस्थेत त्या दिवशी मी लालबुंद डोळ्यांनी बसलो असता एका ठेवीदाराने काळजीने विचारले, "साहेब, संस्था बरी चाललीय न्हवं?"

दंतमंजनाचा प्रश्न शेजारच्या काकूंनी सोडवला. वयाच्या सत्तरीतही त्यांचे दात शाबूत आहेत. त्यांनी पदराआडून एक गोल डबी काढली आणि सौ.च्या हातावर ठेवली. "ह्यात केमिकल म्हणून न्हाई बघ. झाडाचं पान तव्यावर भाजायचं, कुटायचं, झालं. माझी सासूबी हेच लावायची." सौ. हरखून गेली. मी डबी उघडून वास घेतला. झाड तंबाखूचे होते. डबीत अस्सल घरगुती मशेरी होती, आणि तोंडाचा कर्करोग द्यायला तिला कोणत्याही कारखान्याची मदत लागत नाही.

सकाळी चालण्याचेही कलम या करारात होते. सुदैवाने मला रंकाळा जवळ आहे आणि सोबतीला काकूंचे यजमान, म्हणजे आबा, आहेत. आबा जुने पैलवान. खासबागेत कुस्त्या केलेल्या. शाहू महाराजांनी हे मैदान बांधले ते आपल्या वजनाच्या पैलवानांना डोळ्यांसमोर ठेवूनच, असा त्यांचा दावा आहे. रसायनांचा विषय काढताच ते उसळले. "आम्ही तालमीच्या तांबड्या मातीत लोळून मोठं झालो. त्या मातीत काय असतंय? हळद, ताक, लिंबू, तेल, काव. कसलं केमिकल न्हाई." घरी हे सांगितले तेव्हा लेकीने काव म्हणजे लोहाचे ऑक्साइड, हे तत्काळ जाहीर केले. आबांच्या कानावर ते घालण्याची हिंमत मला अजून झालेली नाही.

रंकाळ्याची फेरी आटोपली की आबा मला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेत. म्हशी उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो, आणि फेसाळलेला, कोमट पेला थेट आपल्या हातात येतो. त्याला बाटली नाही, पिशवी नाही, की बारीक अक्षरे नाहीत. महिनाभराच्या छळात हा अर्धा तास मला खराखुरा निरोगी वाटत असे. तेही सुख लेकीने हिरावले. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, म्हणून ते घरी आणून तापवून प्यावे, असे तिचे म्हणणे. आबांना मी ते भीत भीत सांगितले. त्यांनी पेला रिकामा केला, मिशीवरचा फेस पुसला आणि मला विचारले, "तुझी पोरगी पास तरी होतीया का?"

गुळाची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी. साखर बंद झाली होती आणि कोल्हापुरात राहून गूळ निवडता येऊ नये याची मला लाज वाटू लागली होती. आपल्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान मी पाहुण्यांपुढे पुष्कळदा मिरवला आहे. पण दुकानात गेलो की आजवर पिवळाधमक, सोन्याच्या विटेसारखा रवा, म्हणजे गुळाची ढेप, बोटाने दाखवून मोकळा होत असे. सौ.ने भिंग उचलले, पण गुळाच्या ढेपेवर वाचायला काहीच नव्हते. तेव्हा मुळाशीच जायचे ठरले आणि हंगाम सुरू होताच एका रविवारी आम्ही तिघे करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर जाऊन थडकलो.

चुलाणात चिपाडे धडधडत होती. कढईची आजी शोभेल अशा काहिलीत रस उकळत होता आणि गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने वर आलेली काळपट मळी एकसारखी काढून टाकत होता. भेंडीची झाडे ठेचून काढलेले बुळबुळीत पाणी रसात पडले की रसातली घाण त्याला चिकटून वर येते, हे मी पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्षात पाहिले तेव्हा मळीचा जाड थर दुधावरच्या सायीसारखा सरकत काठाला आला आणि खालून मधाच्या रंगाचा रस उघडा पडला. रसाचा वास इतका गोड आणि धुरकट होता की सौ.सुद्धा प्रश्न विचारायचे विसरली. ते फार वेळ टिकले नाही.

"दादा, ह्यात पावडर घालता का हो?"

गुळव्याने झारा थांबवला नाही. कोपऱ्यातल्या डब्याकडे त्याची मान किंचित वळली तेवढीच. लेक पुटपुटली, "हायड्रोज. सोडियम हायड्रोसल्फाइट. रंग उडवतं." गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत किलोमागे 70 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, असेही तिने पुढे सांगितले. गुळव्या तिच्याकडे पाहून हसला. "बाई, आम्हाला काय हौस हाय व्हय? बिनपावडरीचा गूळ तांबूस हुतो, काळा पडतो. तो बाजारात न्हेला की गिऱ्हाईक नाक मुरडतंय आणि भाव पडतोय. लोकास्नी गूळ पायजे, पर गुळागत दिसाय नगो." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुम्ही दुकानात कंचा घेतासा?"

मी काहिलीतल्या रसाकडे अतिशय बारकाईने पाहू लागलो. भिंग जवळ असते तर फार बरे झाले असते.

त्या दिवशी आम्ही बिनपावडरीचा दहा किलो गूळ घेऊन आलो. त्याचा चहा चिखली दिसतो आणि दूध फाटू नये म्हणून गूळ शेवटी घालावा लागतो. पण चव अशी आहे की मी तक्रार करत नाही. दुसरी एक सवयही टिकली. रविवारी खानावळीतून तांबडा-पांढरा आणायचा तर उकळता, तर्रीदार रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणायचा, हा आमच्या गावचा शिरस्ता. उष्णता आणि तेल ही दोन्ही प्लॅस्टिकमधली द्रव्ये ओढून घेण्यात तरबेज आहेत, असे लेकीने सांगितल्यावर मी स्टीलच्या दोन किटल्या घेऊन जाऊ लागलो. पहिल्या दिवशी गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "काय साहेब, दूध घालाय आलासा?" आता तो काही न बोलता किटल्या घेतो आणि, माझा असा समज आहे की, पांढरा थोडा जास्त घालतो.

सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने सांगून ठेवले आहे की कोणतीही वस्तू विष ठरते ती मात्रेमुळे. लेकीने हे वाक्य फ्रिजवर चिकटवले, तेव्हा घरात थोडा समझोता झाला. दंतमंजन परत आले. साबण साधा, बिनवासाचा ठरला. उरल्या त्या फक्त न्हाणीघरातल्या दोन बाटल्या: एक संडास साफ करायची निळी, दुसरी फरशीचे डाग घालवायच्या ब्लीचची. दोन्हींत तळाला चार-चार बोटे माल शिल्लक. फेकून द्यायचा तर पैशांचे मोल, आणि मी पतसंस्थेतला माणूस. दिवाळीची साफसफाई चालू होती. मी विचार केला की दोन्ही एकदम ओतावे, एकदाच घासावे आणि घर कायमचे रसायनमुक्त करावे.

निळी बाटली ओतली. तिच्यावर ब्लीच ओतले. भांड्यातून हिरवट-पिवळा धूर उठला आणि पुढच्या श्वासाला कुणीतरी माझ्या घशात मिरचीची धुरी घातली. डोळ्यांतून धारा, छातीवर आबा बसल्यासारखे दडपण. मी कसाबसा धडपडत बाहेर आलो. लेकीने दार ओढून घेतले, सगळ्या खिडक्या उघडल्या, मला गच्चीवर नेऊन बसवले आणि डॉक्टरांना फोन केला. माझा खोकला आटोक्यात आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, त्या निळ्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. एकत्र केले की क्लोरीन वायू. 22 एप्रिल 1915 ला जर्मनांनी बेल्जियममध्ये ईप्रला शत्रूवर सोडला होता तोच."

महिनोन्‌महिने आम्ही भिंगातून जे शोधत होतो, त्याहून शतपटीने जहाल असे काही मी स्वतःच्या हाताने, दोन मिनिटांत आणि काटकसरीपोटी तयार केले होते. दोन्ही बाटल्यांवर 'इतर कोणत्याही द्रव्यात मिसळू नये' अशी सूचना होती. बारीक अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. मी घोगऱ्या आवाजात खोकत, रिकाम्या बाटल्या, रिठ्याच्या बिया, काकूंची डबी आणि रात्रीची शिळी आमटी असे सगळे एकाच बादलीतून घेऊन खाली गेलो. गाडीवरच्या पोराने बादलीत डोकावून पाहिले आणि ती तशीच माझ्या हातात परत दिली.

"काका," तो म्हणाला, "किती येळा सांगायचं? येगयेगळं ठेवा की. एकत्र करू नगासा."