रूट जगाला दाखवून बाई सुरक्षित होत नाही

"ताईंनो, स्ट्राव्हावर रूट पब्लिक ठेवा. कुठे पळता हे लोकांना माहीत असलं की तुम्ही सुरक्षित. घराभोवती प्रायव्हसी झोन लावला की पत्ता कळत नाही. आणि सामान्य माणसाचा माग काढायला वेळ कुणाला आहे?" हा मेसेज रनिंग ग्रुपांमधून फिरतोय. स्ट्राव्हा म्हणजे धावण्याच्या वाटा नोंदवणारं ॲप; प्रायव्हसी झोन म्हणजे त्यातलं, घराभोवतीची वाट लपवणारं वर्तुळ. तो वाचून माझ्या भाचीने बंद केलेल्या नोंदी पुन्हा सगळ्यांसाठी खुल्या केल्या. ती पहाटे एकटी वेताळ टेकडीवर पळायला जाते. म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात घातक आहे ते सुरक्षिततेचं वाक्य. रन संपवून सेव्ह केल्याशिवाय रूट कुणाला दिसतच नाही. टेकडीवर काही झालंच, तर त्या क्षणी या पब्लिक रूटचा कुणाला काय उपयोग? उलट महिनाभराच्या नोंदी चाळणाऱ्याला सगळं कळतं: कुठल्या वारी येते, किती वाजता निघते, कुठल्या वाटेने उतरते. आपण कुठे आहोत हे घरच्यांना कळवायचंय ना? त्याच ॲपमध्ये बीकन ही पळताना ठिकाण कळवणारी सोय आहे, आपण निवडलेल्या तिघांपर्यंतच त्याची लिंक जाते. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशनही चालतं. आईला कळणं आणि अनोळखी माणसाला कळणं यांतला फरक सांगावा लागतोय, याचाच संताप येतो.

झोन काहीच न लावण्यापेक्षा बरा, एवढं मान्य. पण "पत्ता कळत नाही" हे खोटं. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये २ कोटी १० लाख नोंदी तपासल्या. झोन लावलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांची लपवलेली जागा त्यांना शोधता आली. बऱ्यापैकी नियमित व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ९५.१ टक्के होतं. कारण साधं होतं. वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या वाटा एकाच वर्तुळाच्या कडेवर तुटायच्या, आणि परिघावरचे तीन बिंदू मिळाले की केंद्र काढणं शाळेतल्या भूमितीचं काम. त्यापेक्षा अख्खा नकाशाच लपवा, तीही सोय ॲपमध्ये आहे.

वेळ कुणाला आहे? नकार पचवता न आलेल्याला आहे. तो बहुतेकदा ओळखीतलाच असतो, कधी त्याच ग्रुपमधला. २०२३ मध्ये रशियाचा एक माजी पाणबुडी कमांडर क्रास्नोदारमध्ये जॉगिंग करताना मारला गेला. त्याचे रूट स्ट्राव्हावर उघडे होते. मारेकऱ्याने ते वापरले हे सिद्ध नाही, पण बघायचे असते तर कुणीही बघू शकलं असतं.

आणखी एक. नोंदी कुणाला दिसाव्यात या सेटिंगमध्ये "फॉलोअर्स" निवडलं की ते फक्त पुढच्या रनना लागू होतं. जुन्या नोंदी तशाच उघड्या राहतात. त्यांच्यासाठी प्रायव्हसी कंट्रोल्समध्ये "एडिट पास्ट ॲक्टिव्हिटीज" हा वेगळा पर्याय आहे. आधी तो वापरा.