मर्यादा वाढली म्हणजे कारखाना उभा राहिला, असे नव्हे

विमा क्षेत्रातील परदेशी गुंतवणुकीची मर्यादा ७४ टक्क्यांवरून १०० टक्के करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. अशा घोषणेपाठोपाठ एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो: नियम सैल केले की परदेशी भांडवल येते, त्यातून कारखाने उभे राहतात, डॉलरची गंगाजळी भरते आणि तंत्रज्ञानही आपसूक मिळते. यातला एकेक दावा तपासून पाहू.

भांडवल येतेच, हे किरकोळ व्यापारात खरे ठरले नाही. बहुब्रँड दुकानांत, म्हणजे अनेक कंपन्यांचा माल एकत्र विकणाऱ्या दुकानांत, ५१ टक्के परदेशी मालकीला २०१२ मध्ये परवानगी मिळाली आणि त्यावरून केंद्रातील आघाडीतून एक घटक पक्ष बाहेरही पडला. एवढ्या गदारोळानंतर नाव घेण्याजोगी आली ती एकटी ब्रिटनची दुकानसाखळी टेस्को, तीही टाटांच्या ट्रेंट या किरकोळ विक्री कंपनीबरोबर निम्म्या भागीदारीत. किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक, लघुउद्योगांकडून ३० टक्के खरेदी आणि राज्याची संमती या अटी कायम असताना केवळ टक्केवारीला फारसा अर्थ नव्हता.

कारखान्यांचा दावाही अर्धाच खरा आहे, कारण परदेशी पैसा आहे तोच व्यवसाय विकत घ्यायलाही येतो. अमेरिकेच्या अ‍ॅबटने २०१० मध्ये पिरामल हेल्थकेअरचा देशांतर्गत औषधविक्रीचा व्यवसाय ३.७२ अब्ज डॉलरना विकत घेतला, तेव्हा औषधे तीच राहिली, मालक तेवढा बदलला.

डॉलरच्या बाबतीत मात्र सर्वाधिक गल्लत होते, कारण आलेली रक्कम सांगितली जाते आणि गेलेली सांगितली जात नाही. रिझर्व्ह बँकेने मे २०२५ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये थेट परदेशी गुंतवणुकीची एकूण आवक सुमारे ८१ अब्ज डॉलर होती. परदेशी गुंतवणूकदारांनी परत नेलेला पैसा आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर केलेली गुंतवणूक वजा जाता निव्वळ आवक उरली जेमतेम ०.४ अब्ज. त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ह्युंदाई मोटर इंडियाने २७,८७० कोटी रुपयांची समभागविक्री केली. त्यात एकही नवा समभाग नव्हता, मूळ कंपनीने स्वतःकडचेच समभाग विकले, त्यामुळे पैसा कोरियातील मूळ कंपनीकडे गेला, इथल्या कारखान्याच्या विस्ताराला नाही. बाहेर पडण्याची मुभा असल्याशिवाय कोणी आत येणार नाही, हे मान्यच आहे. पण मग आवकेबरोबर जावकही सांगावी.

तंत्रज्ञानाचे म्हणाल, तर मारुतीत १९८२ साली सुझुकीचा हिस्सा २६ टक्केच होता, बहुसंख्य मालकी सरकारची होती आणि सुटे भाग इथेच बनवण्याचा आग्रह होता. सुट्या भागांचा उद्योग त्या आग्रहातून वाढला. सुझुकीकडे नियंत्रण गेले ते २००२ मध्ये. दार बंद ठेवून काही साधते असेही नाही: परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्याच्या सक्तीमुळे १९७७ मध्ये कोका-कोला निघून गेली, त्यातून कोणते तंत्रज्ञान आपल्या पदरी पडले?

आता पुन्हा विम्याकडे. पुण्याच्या बजाज समूहाबरोबरच्या दोन्ही विमा कंपन्यांत जर्मनीच्या अलियान्झचा हिस्सा २६ टक्के होता. मर्यादा २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली, तरी तो २६ टक्केच राहिला, कारण नियंत्रण सोडायला भारतीय भागीदार तयार नव्हता. शंभर टक्क्यांची घोषणा होऊन दीड महिनाही झाला नव्हता, तोच मार्च २०२५ मध्ये तो हिस्सा सुमारे २४,१८० कोटी रुपयांना बजाजला विकण्याचा करार अलियान्झने केला.