गुडघा दुखतोय, पण रिपोर्ट नको

काल कट्ट्यावर वाद पेटला तो एका फोनमुळे. आमच्या मास्तरचा भाचा अग्निवीर आहे, तिसरं वर्ष चालू आहे. धावताना उजव्या नडगीत कळ येते, रात्री पाय ठणकतो, पण एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाणार नाही, असं त्याने मामाला सांगितलं. का, तर "रेकॉर्डवर येईल." मास्तर काळजीने हे सांगत होता, तेवढ्यात बँकवाला बोलून गेला, "अरे, फौजेत आजारपणाची कसली भीती? उपचार फुकट, पगार चालू, वर्षाला 60 दिवस रजा, वर 30 दिवस किरकोळ. आम्हाला ताप आला तरी साहेबाला चार फोन करावे लागतात."

"अग्निवीराला 30 दिवसच," हवालदार म्हणाले.

हवालदार आमच्यात वयाने मोठे. 2019 साली निवृत्त झाले. कट्ट्यावर बसताना डावा पाय सरळ पुढे ठेवूनच बसतात. आम्हाला त्याची इतकी सवय झाली आहे की का म्हणून कधी विचारलंही नव्हतं.

"आणि सिक लीव्ह मागून मिळत नाही," ते पुढे म्हणाले. "सकाळी सिक रिपोर्टमध्ये नाव घालायचं, आरएमओ म्हणजे युनिटचा डॉक्टर तपासणार, फार तर 'अटेंड सी' लिहून दोन दिवस आराम देणार. मोठं काही असेल तर मिलिटरी हॉस्पिटल. तिथून सुटताना डॉक्टरांना वाटलं तरच सिक लीव्ह. या सगळ्यात पगाराला धक्का लागत नाही, हे याचं खरं आहे. पण पगाराला घाबरतोय कोण? जवान घाबरतो कॅटेगरीला."

कॅटेगरी म्हणजे काय ते मास्तरला माहीत नव्हतं, म्हणून वकिलाने सांगितलं. फौजेत प्रत्येकाच्या तब्येतीची नोंद 'शेप' या पाच अक्षरी शब्दात असते. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शारीरिक क्षमता, ई म्हणजे डोळे. पाचही ठिकाणी 1 हा आकडा असला की शेप वन, धडधाकट. कुठे दोन किंवा तीन पडला की लो मेडिकल कॅटेगरी. आधी तात्पुरती, मग पुन्हा बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांची समिती, सुधारणा नसेल तर कायमची. बढतीआधीचं प्रशिक्षण म्हणजे कॅडर, कोर्स, पोस्टिंग, सेवेची मुदतवाढ, सगळीकडे तो आकडा आडवा येतो.

"पण कॅटेगरी लागली म्हणून घरी पाठवता येत नाही," वकील म्हणाला. "2008 ला सुप्रीम कोर्टाने राजपाल सिंग प्रकरणात सांगितलंय. कायमची लो कॅटेगरी असली तरी सेवेला अपात्र ठरवणाऱ्या इनव्हॅलिडिंग बोर्डापुढे उभं केल्याशिवाय जवानाला काढायचं नाही."

"कोर्टात जवान नंतर जातो रे. आधी कंपनीत दिवस काढायचे असतात," हवालदार म्हणाले.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. युनिटची बास्केटबॉलची मॅच होती. उडी मारून खाली येताना पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला आणि गुडघा आतल्या आत फिरला. संध्याकाळपर्यंत पँट वर सरकेना इतकी सूज. प्रमोशन कॅडर तोंडावर होता. क्रेप बँडेज आवळलं, गोळ्या खाल्ल्या आणि कॅडर पुरा केला. अधिकृत खेळात लागलेला मार नियमाप्रमाणे ड्युटीवरचाच धरतात. त्या दिवशी रिपोर्ट केला असता तर इंज्युरी रिपोर्ट बनला असता, साक्षीदार म्हणून अख्खी टीम हजर होती. त्यांनी रिपोर्ट केलाच नाही. पुढे दोन वर्षांनी लिगामेंटचं ऑपरेशन झालं तेव्हा "कधी लागलं" या रकान्यापुढे दाखवायला कागद नव्हता. निवृत्तीच्या वेळी बोर्डाने अपंगत्व 20 टक्के धरलं आणि शेरा मारला: सेवेमुळे झालेलं नाही, सेवेत वाढलेलंही नाही. ती झेरॉक्स त्यांच्या पाकिटात असते. घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. काल पहिल्यांदा आम्हाला दाखवली.

त्या एका ओळीने काय बुडालं, याचा हिशेब वकिलाने तिथेच मांडला. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात. हवालदारांच्या वेळच्या नियमांत 50 च्या खालचं अपंगत्व 50 धरायचे. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यायचा, हे 2014 साली राम अवतार प्रकरणात ठरलं. म्हणजे पगाराच्या 15 टक्के, दर महिन्याला, जन्मभर. तेही नेहमीच्या पेन्शनशिवाय.

बँकवाला थोडा नरमला, पण मुद्दा सोडेना. "तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण बीपी-शुगर दाखवून अपंगत्वाची पेन्शन घेणारेही आहेत ना? लोकांनी गैरफायदा घेतला म्हणूनच सरकारने सप्टेंबर 2023 ला नियम बदलले."

त्याचं म्हणणं मला सगळं खोटं वाटत नाही. ज्याला गरज नाही त्याने घेतलं की गरजूकडेही संशयाने पाहिलं जातं. पण बीपीला सरसकट हसण्याइतकं ते सोपं नाही. उणे तापमानात, विरळ हवेत, झोपेविना महिनोन्महिने काढलेल्या माणसाचं बीपी आणि खुर्चीत बसून वाढलेलं माझं बीपी एका मापाने कसं मोजायचं?

वकील म्हणाला, "कोर्टही डोळे मिटून देत नाही. सुट्टीत बहिणीच्या घरी जिन्यावरून पडलेल्या जवानाला 2015 साली सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, कारण सेवेशी संबंध नव्हता. पण 2013 चा धरमवीर सिंग निकाल बघ. 1985 ला सिग्नल कोरमध्ये भरती, 1994 ला फिट येण्याच्या आजारामुळे बोर्ड-आउट, म्हणजे सेवेतून बाहेर. कोर्ट म्हणालं, भरती करताना तुम्हीच तपासलंत, तेव्हा आजाराची नोंद केली नाहीत, मग सेवेचा संबंध नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. हवालदार, तुमच्या अपिलात हेच पहिल्या पानावर हवं."

मास्तरचा जीव मात्र भाच्यात अडकलेला. "त्याला पेन्शन नाहीच. मग त्याचं काय?"

सगळेच गप्प झाले. अग्निवीराला सेवेत असेपर्यंत लष्करी इस्पितळ आहे. चार वर्षं संपली की पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, ईसीएचएसचं कार्डही नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी मदत आहे: 100 टक्क्यांना 44 लाख, 75 ला 25 लाख, 50 ला 15 लाख. त्याच्या नडगीला बारीक चीर गेली असली तर ती यात कुठे बसणार? आणि चार वर्षांनंतर सेवेत कायम करायचे ते जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर. तिसऱ्या वर्षातला मुलगा पाय दाबून का पळतो ते मला तिथे कळलं.

सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर मला आठवले. 1965 च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, इस्पितळात पोहायला लागले आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक. गोळी लागली की नोंद आपोआप होते. मैदानावर, परेडमध्ये, सरावात झिजलेल्या हाडाची नोंद करायला जवानाला स्वतःच्या तोंडाने बोलावं लागतं आणि नेमकं तिथेच आपण त्याला एकटं सोडलंय. खडकवासल्याच्या एनडीएत प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी आलेल्या मुलांना ईसीएचएस मिळायला 2025 साल उजाडलं, तेही सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतल्यावर.

बँकवाल्यानेच शेवटी मास्तरला फोन लावायला सांगितला. हवालदारांनी तो हातात घेतला.

"ऐक. अशा चिरेला वेळेत विश्रांती मिळाली तर ती सहा-आठ आठवड्यांत भरते. असाच पळत राहिलास तर हाड मोडेल आणि मग कॅटेगरी नक्की. सिक रिपोर्टमध्ये नाव घाल. कुठल्या दिवशी, कुठल्या परेडला कळ आली ते आरएमओला सांग, लिहायला लाव. कागदाची प्रत स्वतःजवळ ठेव."

पलीकडून काहीतरी बारीक आवाजात उत्तर आलं.

"मंगळवारच्या फायरिंगनंतर नाही. उद्या सकाळी."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "जी, उस्ताद."

हवालदारांनी फोन परत दिला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून उठले. आज दुपारी मास्तरला विचारलं. भाच्याचा फोन अजून आलेला नाही.