फोडणी पाचव्याची, ठसका नवव्याला

घोडबंदर रोडला टॉवरमध्ये फ्लॅट घेतलात? अभिनंदन! आता एक पथ्य पाळा: राष्ट्रीय इमारत संहिता चुकूनही उघडू नका. 2016 च्या त्या जाडजूड ग्रंथात लिहिलंय की उष्ण-दमट हवेच्या गावात, म्हणजे आपल्या ठाण्यात, खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश खिडकी हवी, आणि दार त्यात धरायचं नाही. 120 चौरस फुटांच्या बेडरूमला 20 चौरस फूट! एवढी हवा घेऊन करायचंय काय? बिल्डरने दिलेली सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, ती त्याची दूरदृष्टी समजा. उरलेल्या निम्म्यावर कबुतरांची जाळी आणि जाड पडदा लावून टाका. मग एसी लावा. तो खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो, बाहेरची आणत नाही. काटकसरी यंत्र आहे बिचारं.

स्वयंपाकघराला किमान 1 चौरस मीटरची खिडकी हवी, ती थेट मोकळ्या जागेत उघडावी, शाफ्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पोटातल्या हवेच्या उभ्या बोगद्यात नाही, असं संहितेचं म्हणणं. तुम्ही स्वयंपाकघराला लागूनची ड्राय बाल्कनी काचेने बंद करून तिथे वॉशिंग मशीन बसवा. चिमणी मात्र भारीतली घ्या, पण बिनपाइपची. पाइपसाठी भोक पाडलं तर नव्या टाइल्स तडकतील ना! कोळशाच्या फिल्टरमधून बोंबलांचा वास थोडा गाळला जातो. वाफ आणि उष्णता काही गाळली जात नाही, ती तुमच्याच कपाळावर परत येते. येऊ द्या, घरचीच आहे.

खरी मजा बाथरूममध्ये आहे. एक्झॉस्ट फॅन हवा शाफ्टमध्ये फेकतो. सगळ्या मजल्यांचे फॅन त्याच शाफ्टमध्ये फेकतात. फॅनला उलटी हवा अडवणारी झडप असते, पण दोन-तीनशे रुपये वाचतात म्हणून ती वगळा. मग तुमचा फॅन बंद असताना शेजाऱ्यांचे वास तुमच्याकडे येतात आणि शेजारधर्म आपोआप पाळला जातो. शिवाय दारं-खिडक्या घट्ट लावून फॅन चालवा. बाहेर फेकलेल्या हवेच्या बदल्यात दुसरी हवा कुठून तरी आत यावीच लागते. मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकलं असेल, तर ती थेट गटारातून येते.

हो, 30 मीटरपेक्षा उंच इमारतीत नुसता शाफ्ट पुरत नाही, यांत्रिक वायुवीजनही हवं, असं संहिता सांगते. आमच्या गच्चीवर तसा मोठा पंखा आहे. वार्षिक सभेत विजेचं बिल वाचून दाखवल्यावर तो एकमताने बंद झाला. त्याच सभेत प्रवेशद्वारावरच्या रोषणाईला एकमताने मंजुरी मिळाली.

छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली, तर पेंटरला 'टेक्सचर' म्हणून सांगा. आणि लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, की आदराने विचारा, "काकू, आज सुकटीत कैरी घातली होती का हो?"