शास्त्रीजींच्या घराचा थांबा राहणारच

नमस्कार ताई,

दिल्ली-आग्रा सहलीला आपण दोनच स्टार दिलेत. ‘एक जुनी गाडी आणि साध्या खोल्या दाखवण्यात तास घालवला, मुलं कंटाळली आणि सरोजिनी नगरची खरेदी राहिली,’ असं आपलं म्हणणं. जेवण आणि हॉटेल आवडल्याचं आवर्जून लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण लालबहादूर शास्त्रींच्या घराविषयी मला बोललंच पाहिजे.

हा थांबा आमच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. ते घर सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवारी आम्ही दिल्लीदर्शन ठेवतच नाही, इतका तो आमच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे.

ती जुनी गाडी म्हणजे फियाट, नंबर डीएलई ६. पंतप्रधान झाल्यावर घरच्यांच्या आग्रहानं घेतलेली. किंमत १२ हजार रुपये आणि बँकेत होते ७ हजार. उरलेल्या ५ हजारांसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. ११ जानेवारी १९६६ला ताश्कंदमध्ये ते गेले, तेव्हा ते फिटलेलं नव्हतं. त्यांच्या पत्नी ललिताजींनी ते कर्ज पेन्शनमधून फेडलं. ‘पंतप्रधानांना कशाला लागतं कर्ज?’ हा प्रश्न त्या गाडीपाशी आमच्या गाइडला बहुतेक वेळा मुलंच विचारतात. मग घरातल्या साध्या खोल्या बघताना त्यांना वेगळं काही समजवावं लागत नाही.

आणि आपण तर कऱ्हाडकर. १९६५च्या युद्धात शास्त्रीजींचे संरक्षणमंत्री आपले यशवंतराव होते, ताश्कंदलाही ते सोबत गेले होते. प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपुढं हात जोडणाऱ्या माणसांनी जनपथावरून जाताना हे घर टाळून बाजार गाठावा, हे माझ्या मनाला पटत नाही. लाल किल्ला, कुतुबमिनार कुठलीही सहल कंपनी दाखवते. हे घर दाखवायचं म्हणून तर मी या धंद्यात तग धरून आहे.

खरेदीची हौस असतेच, तिला माझी ना नाही. दिवाळीनंतरच्या सहलीत दिल्लीतली एक संध्याकाळ मोकळी ठेवतोय. ज्यांना सरोजिनी नगरला जायचंय, त्यांना आपली बस तिथं सोडेल आणि रात्रीच्या जेवणाला परत आणेल. घराचा तास मात्र कमी होणार नाही.