‘टेंडन्सी’ म्हणजे प्रवृत्तीच का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार नाना,

तुमची प्रतिक्रिया लांब होती, उत्तरही लांबणार. बाकीच्या वाचकांसाठी आधी तिचा गोषवारा देतो. मागच्या लेखात म्हटलं होतं की शेतीच्या आणि दवाखान्याच्या पत्रकांत ‘टेंडन्सी’ दिसली की ‘प्रवृत्ती’ आणि ‘डिझायर’ दिसली की ‘इच्छा’ असं डोळे झाकून लिहू नये. तुम्ही अमळनेरहून लिहिलंत: एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द ठरला नाही, तर परिभाषा उभी कशी राहणार? मूळ लेखकानं नाम वापरलंय, तर आपण क्रियापदावर का उतरायचं? आणि असल्या गावठी शब्दांनी शास्त्राचं वजन जातं त्याचं काय? शेवटी एक इंग्रजी वाक्य देऊन ‘हे करून दाखवा’ म्हणालात. त्या वाक्याकडे शेवटी येतो.

परिभाषेबद्दलचं तुमचं म्हणणं एका हद्दीपर्यंत पूर्ण मान्य. दहावीच्या गणितात ‘केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे’ आहेत, म्हणजे मध्य, मध्यक आणि बहुलक. तिथे ‘प्रवृत्ती’च्या जागी दुसरं काही घालणं हा आगाऊपणा होईल. अर्थशास्त्रातली ‘सीमांत उपभोग प्रवृत्ती’ही तशीच: उत्पन्न 100 रुपयांनी वाढलं आणि त्यातले 80 खर्च झाले, तर ती 0.8. जिथे व्याख्या आहे, सूत्र आहे, तिथे शब्द खुंटीला बांधलेला असतो, तो सोडायचा नाही. पण पत्रकातलं ‘टेंड टू’ तसं आहे का, हे तपासायला सोपी युक्ती आहे. मूळ वाक्यातून ते काढून ‘युज्वली’ घालून बघा. अर्थ जागचा हलला नाही, तर ती परिभाषा नव्हे, इंग्रजी बोलण्याची एक लकब आहे. तिला मराठी लकबीनं उत्तर द्यायचं.

आता ‘प्रवृत्ती’चीच अडचण बघा. गीतेत ती निवृत्तीच्या जोडीनं येते, तिथे तिचा अर्थ कर्माकडे वळणं. आजच्या वर्तमानपत्रात ती कुणाच्या जोडीनं येते? गुन्हेगारी प्रवृत्ती, विकृत प्रवृत्ती, समाजविघातक प्रवृत्ती. पुढारी म्हणतात, ‘अशा प्रवृत्तींना ठेचून काढू.’ शब्द ज्यांच्या संगतीत राहतो, त्यांचा वास त्याला लागतो. मग मधुमेहाच्या पत्रकात हे वाक्य येतं: ‘मधुमेही रुग्णांमध्ये पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती असते.’ इंग्रजीत ते सरळ निरीक्षण होतं, मराठीत रुग्णावर आरोप झाला. खरं कारण असं की मधुमेहात अनेकांच्या पायाची संवेदना कमी होते, जखम दुखत नाही, म्हणून ती लवकर कळत नाही. तेव्हा लिहायचं: ‘मधुमेहात अनेकांचे पाय बधिर होतात, त्यामुळे जखम झाली तरी बऱ्याचदा उशिरा लक्षात येते. रोज रात्री तळपाय बघा.’ इथे ‘टेंड’ कुठे गेलं? ‘बऱ्याचदा’मध्ये. ‘दुर्लक्ष’ हा शब्द तर उडालाच, आणि तो उडायलाच हवा होता.

शस्त्रक्रियेआधीच्या फॉर्मवरही हीच गत. ‘आपल्याला रक्तस्रावाची प्रवृत्ती आहे का?’ या प्रश्नाला लोक ‘नाही’ म्हणून मोकळे होतात, कारण प्रश्नच पोचलेला नसतो. ‘थोडं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही, असं होतं का?’ विचारलं तर माणूस आठवून सांगतो.

मराठीत कल दाखवायला नाम शोधत बसावं लागत नाही, कारण भाषेनं तो विशेषणांच्या शेपटीत ठेवला आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक ‘या जनावरात चावण्याची प्रवृत्ती आहे का’ असं विचारत नाही. घोडं चावरं आहे का, बुजरं आहे का, अडेल आहे का, एवढं विचारतो. बैल असेल तर मारका आहे का, बशा आहे का. एकेका शब्दात सवय, धोका आणि किंमत तिन्ही आली. उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणारं ढोर आपल्याकडे वढाय. (वढाय म्हटल्यावर खान्देशातल्या माणसाला कोणती ओळ आठवते, ते सांगायला नको.) माणसांसाठी हाच साचा चालतो: विसराळू, भांडखोर, घाबरट, रडका. तिसऱ्या आक्षेपाला माझं उत्तर एवढंच: ‘वढाय’पेक्षा नेमका शब्द कोशात असेल तर दाखवा.

मात्र हे प्रत्यय मनाला येईल तिथे जोडता येत नाहीत. लोखंडाला ‘गंजरं’ म्हणून चालत नाही. वस्तूंसाठी भाषेनं दुसरा कप्पा केला आहे: ठिसूळ, नाशवंत, ज्वलनशील. जागेसाठी ‘प्रवण’: अवर्षणप्रवण तालुका, महामार्गावरचा ‘अपघातप्रवण क्षेत्र’ हा फलक. फलकावर तो शोभतो. पण वारंवार धडपडणाऱ्या पोराला ‘अपघातप्रवण मुलगा’ म्हटलं तर त्याची आईसुद्धा हसेल. तो धांदरट.

जिथे विशेषण नाही तिथे वाक्याची घडी कामाला येते. इंग्रजीत ‘टेंड’ तीन वेगळी कामं करतं आणि अनुवादक तिन्हींना एकाच दोरीनं बांधतो, गोंधळ तिथून सुरू होतो. अट पुरी झाली की घडतं, अशा अर्थाचं असेल तर ‘की’ वापरा: ‘शेतात पाणी साचून राहिलं की कपाशीची पातेगळ होते.’ ‘पिकलेल्या घडाशेजारी ठेवली की कच्ची केळी लवकर पिकतात.’ काळाबरोबर सरकत जाण्याचं असेल तर ‘त जाणे’: ‘खोडवे (तोडणीनंतर त्याच बुंध्याशी पुन्हा फुटणारं पीक) घेत राहिलं तर घडाचं वजन घटत जातं.’ आणि गोष्ट घडायच्या बेतात आहे, पण पुरती घडलेली नाही, असं असेल तर ‘ऊ पाहणे’: ‘घड भरला की केळीचं झाड एका बाजूला कलू पाहतं, तेव्हाच टेकू द्या.’ ‘कलण्याची प्रवृत्ती दाखवते’ असं लिहिलं तर टेकू देण्याची वेळ कोणती, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

‘की’चा एक तोटा मान्य करायला हवा. वाक्य फार ठाम होतं. मूळ वाक्य ‘बहुतेक वेळा होतं’ म्हणत असतं आणि आपण ‘होतंच’ म्हणून बसतो. म्हणून वेळेचा शब्द लागतो, आणि तिथेही खड्डे आहेत. ‘सहसा’ नकाराबरोबर बसतं: ‘सहसा फुटत नाही.’ ‘सहसा फुटतं’ कानाला टोचतं. ‘बहुधा’ला आज ‘कदाचित’चा अर्थ चिकटलाय. ‘पाती बहुधा गळतील’ हा अंदाज झाला, नियम नव्हे. पत्रकात ‘बहुतेक वेळा’ किंवा ‘बऱ्याचदा’ सुरक्षित. आणि ‘गळू शकतात’ तर नकोच. ती शक्यता झाली. शंभरात एकदा घडणारी गोष्टसुद्धा ‘घडू शकते’, तिला कल म्हणत नाहीत.

‘कल’ हा शब्द स्वतः चांगला आहे. ‘इन्क्लिनेशन’च्या मुळाशी लॅटिनमधलं कलणं आहे, आपल्या ‘कल’मध्येही तेच, म्हणजे दोघांचं चित्र एक. मतमोजणीचे कल, कल चाचणी, अशा ठिकाणी तो शोभतो. रोगाला आणि खोडीला तो लावू नये. ‘ओढा’ लोकांच्या झुंडीसाठी: पोरांचा ओढा विज्ञान शाखेकडे. ‘ओढ’ मनाची, माहेराची. पण शेतीच्या मजकुरात तिला जपून हात लावा, कारण ‘पावसानं ओढ दिली’ म्हणजे पाऊस आलाच नाही.

इच्छेकडे वळतो. इथे अडचण शब्दाइतकीच विभक्तीची आहे. इंग्रजीत माणूस इच्छा ‘करतो’, तो कर्ता असतो. मराठीत इच्छा माणसाला होते, तहान त्याला लागते, तलफ त्याला येते. ‘मला’, लेवा बोलीत ‘मले’, अहिराणीत ‘माले’, तिन्हीकडे माणूस घेणाऱ्याच्या जागी उभा. ‘मी चहाची इच्छा करतो’ हे व्याकरणात बसतं, बोलण्यात बसत नाही.

शब्द निवडताना मी नामाकडे कमी आणि त्याच्यामागच्या क्रियापदाकडे जास्त बघतो. तलफ भागते. हौस फिटते. डोहाळे पुरवतात. मोह आवरतात. खुमखुमी जिरवतात. हाव सुटते, आणि ती भागत नाही, म्हणून तिच्यात दोष आहे. मूळ इंग्रजीत ती ओढ पुढे कशी संपते ते बघा, शब्द आपोआप सापडतो. तंबाखूच्या पत्रकातलं ‘क्रेव्हिंग’ काही मिनिटांत ओसरतं, म्हणजे तलफ. ‘तंबाखूची तीव्र इच्छा’ लिहिलं तर ती दिवसभराची वाटते आणि सोडणाऱ्याचं अवसान जातं.

दवाखान्यातले आणखी दोन नमुने. ‘लॉस ऑफ अ‍ॅपेटाइट’ला शहरातला अनुवादक ‘भूक मंदावणे’ लिहितो, तेही ठीक. पण म्हातारी माणसं म्हणतात, ‘अन्नावर वासनाच नाही.’ इथली वासना निरुपद्रवी आहे, एरवी तोच शब्द घालून बघा, ओशाळवाणं होतं. दुसरा ‘अर्ज टू युरिनेट’. (देवनागरीत ‘अर्ज’ वाचला की आधी तहसील कचेरी आठवते, पण असो.) ‘लघवी करण्याची तीव्र इच्छा होते का?’ या प्रश्नावर रुग्ण गोंधळतो, कारण ती इच्छा नव्हेच. विचारायचं: ‘लघवीला अचानक घाईची लागते का? थांबवता येते का?’

सर्वेक्षणातली चूक याहून महागात पडते. ‘डू यू वाँट टू क्विट’चं ‘तंबाखू सोडावीशी वाटते का?’ केलं तर मनाची लहर विचारली. ‘तंबाखू सोडायची आहे का?’ केलं तर ठरवलंय का, हे विचारलं. पहिल्याला ‘हो’ म्हणणारा दुसऱ्याला ‘बघू’ म्हणू शकतो. ‘तंबाखू सोडली पाहिजे का?’ तर तिसराच प्रश्न झाला, त्यात कर्तव्य आलं. ‘पाहिजे’ ही जागा निसरडी आहे. ‘औषध पाहिजे’ ही मागणी, ‘औषध घेतलं पाहिजे’ ही सक्ती. हे ‘पाहणे’च्या जुन्या कर्मणी रूपाचं उरलेलं अंग, म्हणजे ‘कलू पाहतं’मधल्या ‘पाहणे’चंच भावंड. एकाच धातूनं कलही सांभाळला आणि हवं असणंही. ही सोय हाताशी आहे, आपण मात्र ती वापरायची सोडून ‘इच्छेची प्रवृत्ती’ लिहीत बसतो.

‘नामाला नाम’ या तुमच्या नियमाचा हिशेब दुसऱ्या भाषांनीही दिलेला आहे. मनोविश्लेषक फ्रॉइडनं जर्मनमध्ये ‘ट्रीब’ (आतून रेटणारी ऊर्मी) आणि ‘इन्स्टिंक्ट’ (उपजत प्रेरणा) असे दोन शब्द वापरले. अनुवादक स्ट्रेचीच्या 24 खंडांच्या इंग्रजी आवृत्तीत दोन्ही ‘इन्स्टिंक्ट’ झाले आणि पुढे अभ्यासकांना ‘ट्रीब’साठी ‘ड्राइव्ह’ वेगळा काढावा लागला. असाच घोटाळा आपल्या घरातही आहे. पालीतली ‘तण्हा’ म्हणजे तहान. इंग्रजीत तिची ‘डिझायर’ झाली, आणि इंग्रजीवरून मराठीत आणताना ‘इच्छा हे दुःखाचं मूळ’ असं छापलं गेलं. पण पालीत ‘छन्द’ही आहे, चांगलं करण्याची इच्छासुद्धा त्यात येते, आणि तोही इंग्रजीत ‘डिझायर’च होतो. ‘तृष्णा’ घरात असताना ‘इच्छा’ घातली की बुद्धानं चांगलं करण्याची इच्छाही सोडायला सांगितली असं वाटतं.

आता तुमचं वाक्य. माणसात इतरांकडे असलेल्या गोष्टी ‘डिझायर’ करण्याची नैसर्गिक ‘टेंडन्सी’ असते, असा त्याचा आशय. तुमच्या नियमानं: ‘इतरांकडे असलेल्या वस्तूंची इच्छा करण्याची नैसर्गिक प्रवृत्ती मानवामध्ये असते.’ चूक एकही नाही, पण ‘करण्याची’पाशी श्वास अडकतो. मी करीन: ‘दुसऱ्याकडे काही दिसलं की आपल्यालाही ते हवंसं वाटतं, माणसाचा स्वभावच तो.’ अट ‘की’मध्ये गेली, इच्छा ‘हवंसं’मध्ये, ‘नैसर्गिक’ आणि ‘टेंडन्सी’ दोन्ही ‘स्वभावच’मध्ये. हेच वाक्य मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात, व्याख्येच्या चौकटीत आलं, तर तुमचं ठेवीन, फक्त ‘मानवामध्ये’चं ‘माणसात’ करून. दोन्हीकडे ‘हेवा’ किंवा ‘हाव’ घालायचा मोह होईल. घालू नका, मूळ लेखकानं कुणाला नाव ठेवलेलं नाही.