एक दिवस जेल दाखवलं की पोरगं सुधारतं? नाही सुधारत!

परवा ताईने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला, बिघडलेल्या मुलांना वळणावर आणायचे चार मुद्दे वगैरे, तुमच्याकडेही फिरून आला असेल. म्हणे पोराला एकदा तुरुंग दाखवून आणा, भीती बसली की सरळ होतो, अमेरिकेत हेच करतात. शिकायला टॅब पुरे, शिकवणारं माणूस लागत नाही. तरुणांसाठीचे कार्यक्रम म्हणजे पैशांची नासाडी. आणि आपल्या वेळी यातलं काही नव्हतं तरी आपण घडलोच. मी सोडून देणार होते, पण रात्री ताईचा फोन, की कुणाच्या ओळखीने याला एक दिवस जेल दाखवता येईल का. हा म्हणजे माझा भाचा, वय १४, महिनाभर शाळा बुडवत होता. फोन स्पीकरवर होता आणि तो शेजारच्या खोलीतच होता, सगळं ऐकत.

म्हणून आधी जेलचंच बोलते. हो, अमेरिकेत केलं हे. १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी समोर बसवलेल्या पोरांच्या तोंडावर ओरडायचे, आत काय काय सोसावं लागतं ते सांगायचे. १९७८ मध्ये त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं, मग ठिकठिकाणी तसेच कार्यक्रम सुरू झाले. मेसेज इथेच थांबतो, आणि पुढे काय झालं हे विचारायचं कुणाला सुचत नाही. अँथनी पेट्रोसिनो या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉक्रेनसाठी, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेसाठी, अशा ९ चाचण्या एकत्र करून तपासल्या, मिळून ९४६ मुलं, काहींना जेलमध्ये नेलं आणि तशाच बाकीच्यांना नेलं नाही, आणि नंतर कोण गुन्ह्यात सापडलं ते बघितलं. जेल बघून आलेली मुलं जास्त सापडली. कमी नाही, जास्त! याच्यापेक्षा काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या उपायाने दुखणं वाढतं तो आपण काळजीपोटी एकमेकांना पाठवतोय, याचा मला खरंच राग येतो. आणि माझं विचाराल तर शाळा बुडवणाऱ्या पोराला जेलच्या दारात उभं केलं की त्याला एवढंच कळतं, की घरचे मला यांच्यातलाच समजतात.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले, त्याच्याजवळ बसले, म्हटलं गणिताचं पुस्तक काढ आणि एक शाब्दिक उदाहरण वाच. ओळीवर बोट ठेवून वाचत होता, 'क्षेत्रफळ'वर अडकला, पुढचा शब्द अंदाजाने ठोकला, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं तेच विसरला. नववीतला मुलगा. वर्गात उभं करून वाचायला लावतात म्हणून जात नव्हता, बस, एवढंच कारण होतं. याला भीती घालून काय वाचता येणार आहे? 'प्रथम' संस्थेने यावरच काम केलंय, मुख्यतः तिसरी ते पाचवीच्या मुलांसोबत, की इयत्ता बाजूला ठेवा, आज मुलाला काय वाचता येतं तेवढंच बघा, त्यावरून गट करा आणि तिथून शिकवा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांच्या चाचण्यांमध्ये ही पद्धत टिकली, आणि आता झांबियासारख्या देशांतही वापरतात.

टॅबचं थोडक्यात सांगते. पेरू देशाने 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', म्हणजे दर मुलामागे एक लॅपटॉप, या योजनेतून लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला, गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक नाही. सर्वसाधारण तर्काच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, तेवढं मान्य. पण वाचायला लॅपटॉपने शिकवलं नाही.

तरुणांसाठीचे कार्यक्रम म्हणजे नासाडी, या तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मनापासून आवडत नसलं तरी मान्य करते. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ पासून ५०६ मुलग्यांवर एक अभ्यास झाला, निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी ३० वर्षांनी त्यांना शोधून काढलं तर मदत मिळालेले काही बाबतीत उलट मागे होते, आणि तरी त्यातले बरेच जण म्हणत होते की आम्हाला फायदा झाला. म्हणजे चांगला हेतू पुरत नाही, तपासावं लागतंच. पण म्हणून सगळंच वाया? शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात जास्त हिंसाचाराच्या भागातल्या १३ शाळांमधल्या १,६३४ मुलामुलींचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना चिठ्ठी टाकावी तसं निवडून ८ आठवडे पगारी काम आणि सोबत एक मोठं माणूस दिलं. १६ महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी, आणि बराचसा फरक काम संपल्यावर पडला. तपासलेलं आहे हे, उगाच कुणी टाइप करून पाठवलेलं नाही.

आणि 'आपण घडलोच' म्हणणाऱ्यांनी आपल्याबरोबर शाळेत असलेले आणि मध्येच गळालेले किती होते तेही आठवावं.

भाच्याला आता चौथीच्या पुस्तकापासून सुरू केलंय, रोज संध्याकाळी अर्धा तास, दार बंद करून, कुणी ऐकायला नको म्हणून. काल दीड पान न अडकता वाचलं. ताईला सांगितलंय, तो जेलचा मेसेज जिथे जिथे टाकलास तिथे हेही टाक.